आधारच्या बारा आकड्यांत तुमचं काय लिहिलंय?



माझं काम सॉफ्टवेअरचं. त्यामुळे कुठलाही नंबर दिसला की तो तयार कसा झाला असेल, हा प्रश्न मला आधी पडतो. तुमच्या सगळ्यांच्या खिशात असा एक नंबर आहे. त्याबद्दल आपल्याकडे दोन समज पक्के आहेत. काहींना वाटतं, आधारच्या आकड्यांत आपला जिल्हा आणि धर्म लपवलाय. काहींना वाटतं, आधार आहे ना, मग आता कशाची चिंता?

पहिला समज खोटा आहे. देशातला पहिला आधार नंबर २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पण त्या नंबरात नंदुरबार कुठेच नाही. सुरुवात ० किंवा १ ने होत नाही, एवढं सोडलं तर पहिले अकरा आकडे कसेही येतात. बारावा आकडा तपासणीचा. टाइप करताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे झाले, तर त्यावरून कॉम्प्युटरला कळतं. जात, धर्म, भाषा ही माहिती आधारसाठी घ्यायचीच नाही, असं २०१६ च्या कायद्यात आहे. हे साधं वाटतं, पण वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत माणसाच्या ओळख क्रमांकातच त्याच्या वंशाचा कोड असायचा. आपल्या नंबरात तसं काही नाही. नावावरून काय कळतं, ती गोष्ट वेगळी!

दुसरा समज जास्त महागात पडतो. नंबर देताना यंत्रणा मुख्यतः एकच गोष्ट पाहते: ही बोटं, हे डोळे आधीच दुसऱ्या नंबरावर नोंदलेले नाहीत ना. जन्मतारीख, नाव, पत्ता हे तुम्ही दिलेल्या कागदावरून येतं. म्हणून याच कायद्याचं कलम ९ सांगतं की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार कार्ड असल्याने कुणी नागरिक ठरत नाही. वयाचंही तसंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका खटल्यात आधारवरची जन्मतारीख बाजूला ठेवून शाळा सोडल्याचा दाखला मानला.

आता आपल्या घरचं. २०२५ च्या सुरुवातीला उशिराच्या जन्मनोंदींचा वाद मालेगावात पेटला आणि अकोला, अमरावतीपर्यंत आला. जानेवारीत सरकारने अशा नोंदी थांबवून तपास पथक नेमलं, मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली. वर्ष संपता संपता फक्त आधारवर दिलेले दाखले रद्द करण्याचे आदेश निघाले. ज्यांनी खोटे कागद लावले त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण शेतात, वीटभट्टीवर, घरी दाईच्या हातून जन्मलेल्या माणसाकडे कागद नसणं म्हणजे तो परका असणं नव्हे. हे म्हणायला आपण कचरू नये, आणि म्हणताना हातात कागदही असावा.

कागदाची गंमत म्हणजे आपली वऱ्हाडी नावं. समजा, शेख रशीद शेख करीम. फॉर्मवर खाने तीन. एका ठिकाणी आडनाव ‘शेख’ होतं, दुसऱ्या ठिकाणी ‘करीम’. पॅनचं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. ते ‘एस’ की ‘के’, हे त्या दिवशी फॉर्म भरणाऱ्याने ठरवलेलं असतं. त्यात मो., मोहम्मद, मोहंमद! अम्मीला तिन्ही एकच वाटतात. कॉम्प्युटर अक्षरं जुळवतो, त्याला तिन्ही माणसं वेगळी दिसतात.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात आधार केंद्रावरून करू नका. तिथे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. आधी जन्मनोंद शोधा, मग शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरचा उतारा काढा, स्पेलिंग ठरवा, आणि आधार-पॅन सर्वांत शेवटी. आजोबांच्या पिढीसाठी कोतवाल बुकाची नक्कल मिळते का पाहा. अनेकांची नोंद असते, फक्त बाळाच्या नावाची जागा कोरी असते. जन्मनोंदीपासून १५ वर्षांच्या आत ते नाव भरून घेता येतं, त्यामुळे घरातल्या लहान भावंडांचं आजच तपासा. नोंदच नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. तिथे दलालामार्फत जाऊ नका. त्याने जोडलेल्या कागदाचा जबाब उद्या तुम्हाला द्यावा लागेल.

आणि नोंद शोधायची जन्म झाला त्या गावी, राहता तिथे नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मूर्तिजापूरच्या मुलीची नोंद दर्यापुरात किंवा अमरावतीच्या डफरीनमधल्या जन्मांत निघू शकते. अम्मीचं नाव तेव्हा माहेरचं लिहिलं होतं की सासरचं, हे विचारून जा. रजिस्टर जुनं असेल तर तारखेच्या मागचा-पुढचा महिनाही बघायला सांगा.