ऊन पाण्याचा दुर्गंध

वास हा मोठा अर्धवट साक्षीदार आहे. गुन्हा घडला हें तो सांगतो, गुन्हेगाराचें नांव मात्र सांगत नाहीं.

गेल्या वर्षीं आम्ही उभयतां दोन महिने पुण्यास मुलाकडे राहून ऐन पावसाळ्यांत कड्यास परतलों. सकाळीं गीझरचा नळ सोडला, तों सारें न्हाणीघर सडक्या अंड्याच्या घाणीनें भरून गेलें. आमच्या मंडळींनीं वास मारावयास उदबत्ती लाविली, आणि मीं तत्काळ निकाल दिला कीं, दोष शेजारच्या गटाराचा! आठ दिवस मी शेजाऱ्यांशीं धड बोललों नाहीं. शेवटीं भिंतीवरून चार कठोर शब्दहि ऐकविले. ते वयानें माझ्याहून वडील. शांतपणें म्हणाले, "मास्तर, आमचं गटार मृगाच्या आधीच उपसलंय. नाक जरा घरातही फिरवून बघा की."

'आधीं निरीक्षण, मग अनुमान' असें छत्तीस वर्षें फळ्यावर लिहिणाऱ्या माणसास हें ऐकावें लागलें. मग मीं एक बादली गार पाण्याची व एक ऊन पाण्याची अशा दोन बादल्या भरून अंगणांत नेल्या. न्हाणींत हुंगून उपयोग नाहीं, तेथें सर्व वास एकत्र होतात. गार पाणी निर्मळ निघालें, ऊन पाणी घाण. दोन्हींस वास असता तर बोअर वा वरची टाकी तपासावी लागती. दोन्ही निर्मळ असतीं तर न्हाणीची मोरी संशयित. घर बंद राहिलें कीं तिच्या वांकांतील पाणी आटतें आणि गटाराची हवा आंत येते. तेथें तांब्याभर पाणी ओतणें एवढाच उपाय.

आमचा गुन्हेगार गीझरांतच होता. टाकीचें लोखंड गंजूं नये म्हणून तींत मॅग्नेशियमची एक कांब असते. लोखंडाऐवजीं ती झिजते. ही युक्ति सर हंफ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठीं प्रथम योजिली. कांब झिजतांना हायड्रोजन सुटतो. पाण्यांतील सल्फेटवर जगणारे कांहीं जीवाणू, ज्यांचा शोध डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनीं १८९५ मध्यें लाविला, तो हायड्रोजन वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा वायु सोडतात. वज्रेश्वरीच्या कुंडांपाशीं येणारा वास याच वायूचा. तेथें आपण भक्तीनें स्नान करतों, ही गोष्ट निराळी! नगरपालिकेच्या पाण्यांतील क्लोरीन या जीवाणूंस आवर घालतो. बोअरच्या पाण्यांत तो नसतो. त्यांतून मीं वीज वांचविण्यासाठीं गीझरची कळ चाळीस अंशांवर ठेविली होती. जीवाणूंस याहून सुखाचें घर कोणतें? जुना तांब्याचा बंब रोज रिकामा होई, त्यांत मॅग्नेशियमहि नव्हतें. त्यास हा रोग कसा जडणार?

उदबत्तीची आठवण मात्र मला अजून अस्वस्थ करते. बंद राहिलेल्या टाकींत हायड्रोजन सांचूं शकतो, आणि तो पेट घेतो. म्हणून बऱ्याच दिवसांनीं ऊन पाण्याचा नळ सोडतांना खिडकी उघडावी व जवळ काडीसुद्धां ओढूं नये. गॅसच्या गीझरांतून निघूं शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. तेथें नाकावर विसंबणें प्राणघातक.

वीज बंद करून जाणत्या माणसाकडून टाकी धुवून घेतली. ब्लीचिंग पावडरचें निवळलेलें पाणी वरच्या टाकींतून सोडून तें कांहीं तास गीझरांत ठेविलें, मग भरपूर वाहूं दिलें. त्या वेळीं मोरींत ॲसिड ओतूं नये, विषारी क्लोरीन सुटतो. कांब समूळ काढण्याचा सल्ला एकानें दिला. तो मीं मानला नाहीं, कारण मग टाकीच गंजते. जस्तमिश्रित ॲल्युमिनियमची कांब बसविली आणि कळ साठ अंशांच्या वर नेली. इतकें पाणी अंगावर थेट घेऊं नये, बादलींत गार पाणी मिसळून घ्यावें.

वास गेला. त्याच संध्याकाळीं मी शेजाऱ्यांकडे क्षमा मागावयास गेलों. त्यांनीं चहा दिला, आणि चहा संपतांच आपल्या न्हाणींतील दोन बादल्या माझ्याकडून अंगणांत आणविल्या.