चर्चमधील ध्वनियोजना : थोडा अनुभव, थोडा विचार
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, शेती, विवाहातील खर्च अशा थोर विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आमचा विषय अगदी लहान. चर्चमध्ये माईक कोणता घ्यावा, स्पीकर किती व कोठे लावावेत, पडदा असावा की नसावा, एवढाच. परंतु या कामासाठी आपणांपैकी प्रत्येक घर केव्हा ना केव्हा वर्गणी देते. केळी-फुले विकून मिळालेला तो पैसा असतो. तो कसा खर्च होतो, याचा हिशेब समाजापुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. विशेषतः आमच्या समितीच्या हातून प्रथम चूक घडली असल्यामुळे.

आरंभी एका गोष्टीचे स्मरण करून देतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. वेदीवरील शब्द मागच्या बाकावर पोहोचला नाही, तरी भाविकाचे फारसे अडत नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेला वेदीवर स्थान मिळाले. आपल्याला मराठी मिस्सा लाभली. शब्द कळावा म्हणूनच ना भाषा बदलली? मग तोच शब्द घुमून विरून जात असेल, तर मिळालेले दान आपण पदरात घेतलेच नाही, असे म्हणावे लागेल.

आता आमची चूक. चर्चची जुनी यंत्रणा बिघडली तेव्हा आम्ही एका दुकानदाराच्या सल्ल्याने दोन भल्यामोठ्या स्पीकरच्या पेट्या आणल्या व वेदीच्या दोन्ही अंगांस उभ्या केल्या. पहिल्याच रविवारी पुढच्या बाकावरील मुलांनी कानांवर हात ठेवले, मध्येच यंत्राने कर्कश शीळ घातली, आणि मागे बसलेल्या एका वृद्ध आजीने बाहेर पडताना आम्हांस सांगितले, "बाबांनो, आवाज आला, पण बोलणे आले नाही." त्या आजीचे हे वाक्य आमच्या जिव्हारी लागले. आम्ही काय चुकलो, याचा शोध तेथून सुरू झाला.

आपल्यापैकी ज्यांच्या वाडीत जुनी बांधीव विहीर आहे, त्यांनी लहानपणी आत वाकून हाक मारली असेल. एक हाक मारावी, तर दहा परत येतात. उंच छताचे, दगडी भिंतींचे व फरसबंदीचे चर्च म्हणजे अशीच एक आडवी विहीर होय. आवाज भिंतींवरून परतत राहतो, आणि पहिला शब्द विरण्यापूर्वीच दुसरा त्यावर येऊन पडतो. अशा जागी आवाज मोठा केला, की त्याची घुमीही तितकीच मोठी होते. सबब, अधिक शक्तीचे यंत्र हा येथे उपाय नव्हे. आमची मूळ चूक हीच.

या घुमीचे शास्त्र वॉलेस सॅबाइन या अमेरिकन प्राध्यापकाने घालून दिले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात बोललेले कोणास समजेना, म्हणून ते काम त्याजकडे आले. त्याने रात्रीच्या वेळी शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवून बंद केली, आणि आवाज विरण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजले. गाद्या वाढल्या, तशी घुमी घटली. त्यातून निघालेला नियम सोपा आहे : जागेचे घनफळ जितके मोठे, तितकी घुमी लांब, आवाज शोषून घेणारे पृष्ठभाग जितके अधिक, तितकी ती आखूड. दगड व लादी आवाज जवळजवळ शोषीतच नाहीत; जाड पडदा, गादी आणि माणसे शोषतात. म्हणूनच रिकाम्या चर्चमध्ये दुपारी घेतलेली चाचणी फसवी ठरते. भाषणास सुमारे एक सेकंदाची घुमी मानवते. गायकवृंदाला मात्र दोन सेकंदही गोड वाटतात. एकाच वास्तूत दोन्ही गरजा भागवावयाच्या, ही खरी अडचण आहे.

मग करावे काय? आम्हांस उमगलेला क्रम असा : आधी जागा, मग माईक, मग स्पीकर, आणि शेवटी बाकी सर्व.

जागेसाठी मागील भिंतीवर जाड पडदा, बाकांवर पातळ गाद्या, एवढ्यानेही फरक पडतो. माईक एकाच दिशेचा आवाज घेणारा असावा, आणि वाचकाने त्याच्या जवळ उभे राहावे. तोंड व माईक यांतील अंतर दुप्पट झाले, की आवाज सहा डेसिबलने उतरतो. मग यंत्र चढवावे लागते आणि शीळ सुरू होते. जो माईक वापरात नाही, तो बंद ठेवावा. पाच माईक उघडे ठेवून एकावर बोलणे, म्हणजे पाच दारे उघडी ठेवून एका दारावर पहारा करणे होय.

स्पीकर उंच, अरुंद, स्तंभासारखे घ्यावेत. ते आवाज आडवा पसरवितात आणि छताकडे कमी सोडतात. दोन मोठ्या पेट्यांऐवजी खांबाखांबांवर असे चार-सहा स्पीकर लावून प्रत्येकाचा आवाज मंद ठेवावा. श्रोता स्पीकरच्या जवळ असला, की त्याला घुमीआधी शब्द मिळतो. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, पण तारेतील संकेत तत्क्षणी पोहोचतो. म्हणून मागच्या स्पीकरला अंतराच्या हिशेबाने किंचित विलंब द्यावा लागतो. ३४ मीटरांस एक दशांश सेकंद आणि वर थोडा अधिक, इतका विलंब दिला म्हणजे शब्द खांबातून न येता वेदीवरूनच आला, असे कानास वाटते. हेल्मुट हास याने १९४९ साली हे प्रयोगाने दाखविले.

ज्यांच्या कानास यंत्र आहे, त्यांच्यासाठी जमिनीलगत तारेचे एक वेटोळे फिरविता येते. श्रवणयंत्रात योग्य सोय असली, तर माईकवरील शब्द थेट त्यात उतरतो. वृद्धांची संख्या पाहता हा खर्च चैनीचा नव्हे.

पडद्याविषयी थोडक्यात सांगतो. गीतांचे शब्द समोर दिसले की सारी मंडळी गातात, हे खरे. परंतु पडदा वेदी झाकणारा नसावा, आणि खिडकीतून भर उजेड येत असता प्रक्षेपकाचे चित्र फिके पडते. देवनागरी अक्षरांस वर-खाली मात्रा असतात, म्हणून ओळींत अंतर अधिक हवे. शेवटच्या बाकावर एखाद्या आजोबांस बसवून वाचून घ्यावे. त्यांना वाचता आले, तर पडदा उत्तीर्ण. पैसा तोकडा असेल, तर गीतांची पुस्तिका हाती द्यावी व तो पैसा आवाजावर खर्चावा.

चर्चबाहेरच्या कर्ण्यांविषयीही बोलले पाहिजे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणाची सवलत शासन देईल तेवढीच. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सणाचा आनंद शेजारच्या आजारी माणसाच्या उशाशी जाऊन ओरडू नये, हे कायदा नसता तरी आपण पाळले असते, अशी आमची श्रद्धा आहे.

खरेदीपूर्वी एक चाचणी अवश्य करावी. भरल्या चर्चमध्ये कोणीतरी वीस सुटे, असंबद्ध शब्द वाचावेत. निरनिराळ्या कोपऱ्यांतील माणसांनी ऐकू आले तसे लिहावेत. आम्ही जुन्या पेट्यांवर ही चाचणी घेतली, तेव्हा मागच्या बाकांवर निम्मे शब्दही बरोबर उतरले नाहीत. स्तंभ-स्पीकर उसने आणून पुन्हा घेतली, आणि त्यानंतरच पैसे मोजले. विक्रेत्याच्या गोड शब्दांपेक्षा हे वीस शब्द अधिक प्रामाणिक असतात.

शेवटी दात्यांस एक विनंती. स्पीकरच्या पेटीवर नाव कोरता येते. भिंतीतल्या चांगल्या तारेवर, जमिनीतील अर्थिंगवर, किंवा यंत्र चालविण्यास शिकलेल्या मुला-मुलीच्या प्रशिक्षणावर ते कोरता येत नाही. तथापि खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात यंत्रणा टिकते ती याच न दिसणाऱ्या गोष्टींवर. अशा निनावी खर्चाला हातभार लावणारा दाता आम्ही थोर मानतो.

त्या आजी आजही मागच्या बाकावरच बसतात. गेल्या महिन्यात प्रवचनातील एका मुद्द्यावर त्या फादरांशी दारात उभ्या राहून चांगल्या वाद घालीत होत्या. आमच्या समितीला याहून निराळे प्रशस्तिपत्र नको.