सावकाराची वही आणि सरकारचा सारा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने गाठली. त्यांना हवी होती ती प्रामुख्याने कर्जखते. ती हाती येताच त्यांनी त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले.

हा केवळ सावकारांविरुद्धचा उद्रेक होता काय? रयतवारीत सारा रोखीने आणि ठरलेल्या हप्त्याला भरावा लागे. पाऊस पडो वा न पडो. रोकड होती सावकारापाशी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसाला भाव आला, तेव्हा सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले. आणि नेमक्या त्याच सुमारास जुन्या आकारणीची तीस वर्षांची मुदत संपून अनेक गावांचा सारा निम्म्याहून अधिक वाढला. सावकाराची वही ही अशी सरकारी जमाबंदीची पुरवणीच होती.

सरकारने आयोग नेमला. साऱ्याची मागणी हे असंतोषाचे कारण नव्हे, दोष सावकारांचा, असा निष्कर्ष त्याने काढला. १८७९ च्या कायद्याने सावकाराला थोडा आवर घातला. साऱ्याला हात लावला नाही. वसुली करणारा निर्दोष ठरला आणि त्याचा मध्यस्थ तेवढा अपराधी!

हा पडदा दूर व्हायला अर्धशतक लागले. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने साऱ्याचा प्रश्न अर्ज-अहवालांतून मांडला. १८९६-९७ च्या दुष्काळात सरकारच्याच नियमांनुसार साऱ्याची सूट मागा, असे टिळकांनी शेतकऱ्यांना सांगितले. आणि १९२८ साली सुरत जिल्ह्यातील बारडोलीत, वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली, शेतकऱ्यांनी सुमारे २२ टक्के सारावाढ भरण्यास साफ नकार दिला. जप्त्या झाल्या, तरी तालुका वाकला नाही. अखेर चौकशी झाली आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली.

१८७४ साली शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला होता. बारडोलीने तो सरकारी जप्तीला साथ देणाऱ्यांवर घातला. शस्त्र तेच होते, नेम बदलला होता. साम्राज्यविरोधाची वाढ मी या बदलात पाहतो.

परंतु विजयोत्सवात एक गोष्ट विसरता कामा नये. बारडोलीतील जमीनमालकांच्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हाळी, म्हणजे दुबळा समाजातील शेतमजूर, राबत होते. सारा कमी झाला. त्यांची वेठ सुटली नाही. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याला साऱ्याची सूट कोठून मिळणार?

म्हणून कोणत्याही करलढ्यात उतरताना दोन प्रश्न विचारा : समोर दिसणाऱ्या वसुलीदाराच्या पाठीशी कोण उभा आहे? आणि आपण जिंकलो, तर त्या विजयातला वाटा कोणाच्या पदरी पडणार नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बारडोलीने दिले. दुसऱ्याचे उत्तर देणे हे आपले काम आहे.