अंडी उबविण्याचे काम मातीवर सोपविणारे पक्षी
(भाषणाचा पाठ)



कोंबडी एकदा रवणीस बसली म्हणजे तीन आठवडे तिला दुसरे काही सुचत नाही, हे ज्यांच्या परसात खुराडे आहे त्या प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु कुक्कुटवर्गातीलच एक कुल असे आहे की, त्यातील पक्षी अंड्यांवर कधीही बसत नाहीत. ते अंडी जमिनीत पुरतात आणि उबविण्याचे काम माती, ऊन व कुजणारा पालापाचोळा यांवर सोपवितात. शास्त्रज्ञ या कुलास मेगापोड म्हणतात. मेगापोड म्हणजे ‘मोठ्या पायांचा’. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशिया, फिलिपाइन्स आणि प्रशांत महासागरातील बेटे येथे त्यांच्या सुमारे 22 जाती आढळतात. त्यांतील एक जात आपल्या देशात, निकोबार बेटांवर आहे. मॅगेलनच्या जगप्रदक्षिणेतील वृत्तांतकार पिगाफेटा याने 1521 साली फिलिपाइन्समध्ये असे पक्षी पाहिल्याचे नमूद केले आहे.

शेणखताच्या ढिगात हात घातला असता आतून वाफ येते. कुजण्याच्या क्रियेत उष्णता निर्माण होते, हे शेतकऱ्यास पुस्तकावाचून कळते. हेच ज्ञान या पक्ष्यांच्या अंगी उपजत आहे, आणि ते सर्वांत अधिक परिपूर्ण स्वरूपात दिसते ते ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष झुडुपी प्रदेशातील माली पक्ष्यामध्ये. नर हिवाळ्यात खड्डा खणतो, त्यात पाला भरतो, पाऊस पडून तो भिजला की वर वाळूचा जाड थर चढवितो. असा ढीग तीन ते पाच मीटर रुंद व सुमारे एक मीटर उंच होतो. वर्षातील सुमारे अकरा महिने त्याची देखभाल चालते. मादी काही दिवसांच्या अंतराने एकेक अंडे घालते, तेव्हा प्रत्येक वेळी नर ढीग उकरून देतो आणि पुन्हा बुजवितो. हंगामात साधारणतः पंधरा ते वीस अंडी होतात आणि प्रत्येक अंडे मादीच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके असते.

खरे कौशल्य पुढेच आहे. आतील उष्णता 33 ते 34 अंश सेल्सियसच्या आसपास राहिली पाहिजे. नर चोचीत वाळू घेऊन ती अजमावितो. वसंतात पाला जोरात कुजतो, तेव्हा ढीग उघडून वाफ बाहेर सोडतो. उन्हाळ्यात ऊन आत शिरू नये म्हणून वाळूचा थर वाढवितो. शरदात तोच थर दिवसा पसरून उन्हात तापवितो आणि पुन्हा अंड्यांवर ओढतो. हॅरॉल्ड फ्रिथ या ऑस्ट्रेलियन संशोधकाने 1950 नंतरच्या दशकात न्यू साउथ वेल्समध्ये या पक्ष्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्याने एका ढिगात विजेचे तापक बसवून ते मधूनमधून चालू-बंद केले. बिचारा नर त्या खोट्या उष्णतेशीही झगडत राहिला व ढीग कधी उघडू, कधी झाकू लागला!

इतके कष्ट घेतल्यावर पिलांची वाट पाहिली जात असेल, असे कोणासही वाटेल. तसे काही होत नाही. सुमारे दोन महिन्यांनी पिलू पायांनी कवच फोडते, कित्येक तास वाळूतून वर सरकत राहते आणि बाहेर येताच झुडुपात पळून जाते. एका दिवसात ते उडू लागते. आईबाप त्याला ओळखतही नाहीत. अंड्यात बलकाचा अंश अर्ध्याहून अधिक असल्यामुळेच पिलू इतके तयार होऊन जन्मास येते. मात्र युरोपियनांनी आणून सोडलेल्या कोल्ह्यांपुढे ही तयारी फारशी पुरत नाही.

आता या कुलातील नष्ट झालेल्या मोठ्या भाईबंदांकडे वळू. क्वीन्सलँडमधील डार्लिंग डाउन्स येथे सापडलेल्या जीवाश्मांवरून चार्ल्स डी व्हिस याने 1888 साली ‘प्रोगुरा’ असे नाव दिले. पण त्याला तो प्रचंड पारवा वाटला होता! तो मेगापोड होता हे पुढे सिद्ध झाले आणि आजचा माली पक्षी हा त्याच राक्षसी पक्ष्याचा खुजा वंशज असावा, असा तर्क रूढ झाला. 2017 साली फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी नलारबॉर मैदानातील गुहांसह अनेक ठिकाणची हाडे तपासून हा तर्क खोडून काढला. एक नव्हे, तर पाच नष्ट जाती होत्या. त्यांचे वजन सुमारे 3 ते 8 किलो असावे आणि त्या उडूही शकत. सर्वांत मोठा पक्षी माली पक्ष्याच्या सुमारे चौपट होता. विशेष म्हणजे ढीग रचण्यास लागणारे खास मोठे पाय व पंजे या पक्ष्यांना नव्हते. तेव्हा ते अंडी उष्ण वाळूत वा मातीत नुसती पुरीत असावेत. न्यू कॅलेडोनियातील सुमारे 30 किलो वजनाचा, न उडणारा सिल्व्हिऑर्निस हाही बराच काळ मेगापोड समजला जात असे व तेथील मातीच्या टेकाडांचे श्रेय त्याला दिले जाई. 2016 च्या अभ्यासाने त्यास या कुलातून वगळले. मनुष्यवस्ती त्या बेटांवर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी आली आणि त्यानंतर हा पक्षी फार काळ टिकला नाही.

आपल्या निकोबारी मेगापोडची कथा याहून जवळची आहे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीशी निगडित असलेले पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी 1960 नंतरच्या दशकात निकोबारच्या पक्ष्यांची पाहणी केली होती. हा पक्षी किनाऱ्यालगतच्या जंगलात वाळू, प्रवाळाचे तुकडे आणि पाला यांचा ढीग रचतो. तोच ढीग वर्षानुवर्षे वापरात राहतो आणि कधी एकाच ढिगात अनेक जोड्यांची अंडी असतात. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात इंदिरा पॉइंटची भूमी सुमारे चार मीटर खचली व त्सुनामीने हाच किनारपट्टा पुसून टाकला. 2006 च्या पाहणीत या पक्ष्यांची संख्या एका दशकापूर्वीच्या मानाने सुमारे 70 टक्के घटलेली आढळली.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मात्र निकोबारच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क त्याच कायद्याने अबाधित ठेवले आहेत. ग्रेट निकोबारवरील गॅलाथिया उपसागराचे अभयारण्य जानेवारी 2021 मध्ये बंदरासाठी रद्द करण्यात आले. तेथील प्रकल्पास नोव्हेंबर 2022 मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, आणि त्याच वर्षी मेगापोडसाठी मेंचल बेट राखून ठेवण्यात आले. पक्ष्याला अधिसूचना वाचता येत नाही. तो ढीग रचतो तो किनाऱ्यावरील जंगल जेथे उभे असेल तेथेच. आणि असे किनारे निकोबारात त्सुनामीनंतर आधीच कमी उरले आहेत.