अनपेक्षित पाहुणा आणि दहाव्या मजल्याचा सज्जा

(अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर बँकसाइड येथे १९४७ ते १९६३ या काळात दोन टप्प्यांत एक वीजकेंद्र उभे राहिले. वास्तुशिल्पी होते सर गाइल्स गिल्बर्ट स्कॉट. विटांची प्रचंड वास्तू आणि मधोमध ९९ मीटर उंचीचे धुराडे. केंद्र तेलावर चाले. तेल महागले आणि १९८१ मध्ये ते बंद पडले. पुढे याच वास्तूचे आधुनिक कलेच्या संग्रहालयात रूपांतर झाले आणि मे २००० मध्ये 'टेट मॉडर्न' लोकांसाठी खुले झाले.

चालकांनी वर्षाकाठी वीस लाख प्रेक्षक गृहीत धरले होते. पहिल्याच वर्षी पन्नास लाखांहून अधिक आले. कलेची जाण ही मूठभर अभिजनांची मिरासदारी आहे, हा समज या अनपेक्षित पाहुण्याने खोटा ठरविला. मूळ संग्रह विनामूल्य पाहता येतो, हे त्याचे एक कारण उघडच आहे. या गर्दीसाठीच पुढे दहा मजली जोडइमारत बांधावी लागली. सुमारे २६ कोटी पौंड खर्चून ती जून २०१६ मध्ये खुली झाली. सरकारी वाटा ५ कोटींचा. उरलेल्या रकमेसाठी प्रामुख्याने खासगी देणग्यांवर भिस्त. २०१७ मध्ये इमारतीला एका अब्जाधीश देणगीदाराचे नावही मिळाले.

या इमारतीच्या दहाव्या मजल्यावर चारी बाजूंनी फिरता येईल असा सज्जा होता. ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्यालाही तेथून सारे लंडन पाहता येई. परंतु समोरच, संग्रहालयानंतर बांधलेल्या, काचेच्या भिंतींच्या महागड्या सदनिका होत्या. प्रेक्षक आत डोकावत, छायाचित्रे घेत, क्वचित दुर्बिणीही लावत. चार सदनिकांच्या मालकांनी दावा लावला. उच्च न्यायालयात ते २०१९ मध्ये हरले, अपिलातही २०२० मध्ये हरले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने हा उपद्रवच असल्याचा निर्णय दिला. सार्वजनिक लाभ हा उपद्रवाचा बचाव होऊ शकत नाही; उपाय ठरविताना त्याचा विचार करता येईल, असे बहुमताचे म्हणणे.

या निकालावर श्रीमंतांचा विजय असा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ते योग्य नव्हे. घरातील एकांत ही चैन नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहतात, त्यांना त्याचे मोल अधिक कळते. वर्षाला लाखो डोळे एखाद्याच्या दिवाणखान्यावर रोखले जात असतील, तर त्याची तक्रार खोटी म्हणता येणार नाही.

प्रश्न वेगळा आहे. सार्वजनिक संस्था उभी राहते तेव्हा भोवतालच्या जमिनीचे मोल चढते. ते ना जमीनमालकाच्या श्रमाने चढते, ना विकासकाच्या कल्पकतेने. ते समाजाच्या खर्चाने आणि लोकांच्या पावलांनी चढते. जॉन स्टुअर्ट मिलने या अनर्जित मूल्यवृद्धीवर कर बसविण्याचा आग्रह एकोणिसाव्या शतकातच धरला होता. परंतु व्यवहारात ही वृद्धी खासगी खिशात जाते, आणि त्याच लोकांच्या वर्दळीचा त्रास झाला की त्याची भरपाई सार्वजनिक संस्थेकडे मागितली जाते. जमा एकाच्या खात्यावर आणि नावे दुसऱ्याच्या, असा हा हिशेब आहे.

शेजाऱ्याच्या उपद्रवाचा दावा तोलणे हे न्यायालयाचे काम. त्याने ते केले. जमा आणि नावे एकाच वहीत मांडणे हे कायदेमंडळाचे व राजकारणाचे काम आहे. सार्वजनिक वास्तूमुळे वाढलेल्या मूल्याचा वाटा समाजाकडे परत आला, तर त्यातून सज्जाला आडोसाही बांधता येईल आणि शेजाऱ्याच्या एकांताचे रक्षणही होईल. मग अनपेक्षित पाहुण्याला माघारी पाठविण्याची वेळ येणार नाही. बंद पडलेल्या कारखान्याचे काय करावे, ही चर्चा जेथे जेथे निघेल तेथे कार्यकर्त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा : वाढलेले मोल कोणाच्या पदरात पडणार?