मंद फिल्म, कडक ऊन

(छत्रीबाग, इंदूर इथल्या उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



होळकरांच्या छत्र्या आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून पाहिल्या आहेत. आज त्या जूनमधल्या भर दुपारी डोळ्यांसमोर आणा. कर्कवृत्त उज्जैनजवळून जातं आणि इंदूर त्याच्या थोडं दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनच्या मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर असतो. छज्ज्याची सावली सरळ खाली उतरते. वरचा दगड पांढराफटक दिसतो आणि छज्ज्याखालचं कोरीव काम काळोखात बुडतं. लाइट मीटर धरला, तर उन्हातला दगड आणि खांबांमागची सावली यांत सहा स्टॉपचा फरक सहज निघतो, म्हणजे एकीकडे दुसरीकडच्या चौसष्टपट उजेड. आपला डोळा हे सांभाळून घेतो. फिल्मला मात्र ते सगळं एकाच निगेटिव्हमध्ये बसवायचं असतं.

अशा कामाला मी मंद फिल्म घेतो, आयएसओ 50 किंवा त्याहून कमी. एके काळी कोडॅकची पॅनाटॉमिक-एक्स होती, पूर्व जर्मनीच्या ऑर्वोची एनपी 15 होती. आज इलफोर्डची पॅन एफ प्लस आहे. छत्री हलत नाही, कॅमेरा तिवईवर आहे, घाई कुणालाच नाही. मग दगडावरची छिन्नीची रेघन् रेघ टिपणारी बारीक कणांची फिल्म का सोडायची? पण तिचा एक स्वभाव आहे. मंद फिल्ममधले चांदीच्या क्षाराचे कण लहान असतात आणि आकाराने बरेचसे सारखे असतात. सारखे असल्यामुळे ते जवळजवळ एकाच वेळी उजेडाला जागे होतात, आणि काळ्या-पांढऱ्यातला उतार चढा होतो. ऊन आधीच कडक, फिल्मही कडक. दोन्हींमध्ये समेट घडवायचं काम फिल्म धुण्याच्या रसायनाचं, म्हणजे डेव्हलपरचं.

पॅन एफला सगळ्यांत चांगला डेव्हलपर कोणता, असं तरुण मुलं मला विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, रोल कोणत्या उजेडात काढलास? कारण डेव्हलपर त्या दिवशीच्या उजेडावरून ठरवायचा असतो. फिल्मच्या डब्यावरचं नाव पाहून तो ठरवता येत नाही, आणि डेव्हलपरच्या कीर्तीवरून तर नाहीच. (अ‍ॅडॉक्सची सीएमएस 20 हा अपवाद. ती मुळात कागदपत्रांच्या नकलांसाठीची फिल्म, तिला तिचाच खास डेव्हलपर लागतो.)

आता डी-76 घ्या. कोडॅकने 1927 च्या सुमारास दिलेलं हे सूत्र जगभर चाललं आणि आजही चालतं. एका लिटरमध्ये मेटॉल 2 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम, टाकणखार 2 ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट तब्बल 100 ग्रॅम. सल्फाइट डेव्हलपरला हवेपासून जपतं. पण एवढ्या प्रमाणात असलं की ते चांदीच्या कणांच्या कडाही थोड्या विरघळवतं. कण मऊ दिसतात, आणि जलद फिल्मच्या दृष्टीने ते चांगलंच. पण पॅन एफचे कण मुळातच इतके बारीक आहेत, की ते आणखी मऊ करून मिळवायचं काय? जातो तो धारदारपणा. बारीक कणांसाठी प्रसिद्ध असलेले परसेप्टॉलसारखे डेव्हलपर तर थोडा वेगही खातात. मंद फिल्मला मंद डेव्हलपर, हे समीकरण ऐकायला छान आहे, पण मला ते पटत नाही.

म्हणून दुपारच्या छत्र्यांसाठी मी डी-23 वापरतो, आणि तो पातळ करून. त्यात दोनच वस्तू आहेत: मेटॉल साडेसात ग्रॅम आणि सल्फाइट 100 ग्रॅम. साधारण पन्नास अंशांचं पाऊण लिटर पाणी घ्यायचं. आधी चिमूटभर सल्फाइट टाकायचं, मग मेटॉल. मेटॉल पूर्ण विरघळल्यावरच उरलेलं सल्फाइट. क्रम उलटा केला तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. मग पाणी घालून लिटर पूर्ण करायचा. मेटॉलने काहींच्या हातांना पुरळ येतं, तेव्हा हातमोजे घालाच. वापरताना या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे तीन. सल्फाइट लिटरला 25 ग्रॅमवर येतं आणि कडा शाबूत राहतात.

पातळ केल्याने दुसरंही एक काम होतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. निगेटिव्हवर जिथे उन्हातला दगड आहे, तिथे डेव्हलपरला भरपूर काम असतं. तो तिथल्या तिथे थकतो आणि मंदावतो. जिथे सावली आहे तिथे काम थोडं, म्हणून तो सावकाश पण चालूच राहतो. उजळ भाग आवरले जातात, सावली वर येते. फिल्म धुण्याची टाकी सतत हलवली तर थकलेल्या डेव्हलपरच्या जागी ताजा येत राहतो आणि हा फायदा जातो. म्हणून पहिलं अर्धं मिनिट हलवायची, मग मिनिटाला दोनदा उलटी करायची, बस्स. अर्थात सावलीत जे फिल्मवर उमटलंच नाही, ते कोणताही डेव्हलपर आणून देणार नाही. म्हणून मी पॅन एफ आयएसओ 50 ऐवजी 32 वर मोजतो.

पावसाळ्यात हीच छत्री, हीच फिल्म, पण आभाळ भरून आलेलं असतं. सावल्या नाहीत, दगड ओला आणि एकसारखा करडा. तिथे पातळ डी-23 ने चित्र मेलेलं येतं. तेव्हा रोडिनाल. 1891 पासून विकला जाणारा हा डेव्हलपर बाटलीतून काढला तर काळसर चहासारखा दिसतो. 120 च्या रोलला अर्धा लिटर पाण्यात 10 मिलिलिटर पुरतो. कण तो मुळीच लपवत नाही, पण मंद फिल्ममध्ये लपवण्याजोगे कण असतात कुठे? उघडलेली बाटली वर्षानुवर्षं टिकते, आणि महिन्याला एखादाच रोल धुणाऱ्याला हे मोलाचं आहे.

या सगळ्यात इंदूरचा उन्हाळा विसरून चालणार नाही. तक्त्यांमधली वेळ 20 अंशांची असते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं. पॅन एफ न पातळ केलेल्या आयडी-11 मध्ये, म्हणजे इलफोर्डच्या डी-76 मध्ये, 20 अंशांना साडेसहा मिनिटं घेते. 24 अंशांवर ही वेळ साडेचारच्या आसपास येते, आणि पाच मिनिटांच्या आत धुतलेल्या रोलवर डाग-पट्टे येण्याची भीती असते. तेच निम्मं पाणी घालून केलं तर साडेआठची वेळ 24 अंशांवर सहाच्या आसपास उतरते. म्हणजे आपल्याकडे पातळ डेव्हलपर ही उन्हाळ्याचीही गरज आहे. बादलीत बर्फाची पिशवी टाकून डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचं पाणी, सगळं एकाच तापमानावर ठेवा. 24 चालेल, पण सगळीकडे 24.

हा प्रश्न या शहराला नवा नाही. लाला दीनदयाळ 1866 मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकांच्या कामावर आले, आणि 1874 मध्ये इथेच त्यांनी कॅमेरा हातात घेतला. पुढे लेपेल ग्रिफिन यांच्या मध्य भारतातल्या वास्तूंवरच्या 1886 च्या ग्रंथात त्यांची छायाचित्रं आली. त्यांनी सुरुवात केली तेव्हा चलन ओल्या प्लेटचं होतं. काचेवर कोलोडियन, त्यावर चांदी, आणि प्लेट सुकण्याच्या आत फोटो काढून धुवायची. डेव्हलपर हिराकशीचा, त्यात अ‍ॅसेटिक आम्ल. उष्ण प्रदेशांत हिराकस कमी आणि आम्ल जास्त घालण्याची रीत होती, म्हणजे डेव्हलपर उन्हात बेफाम धावू नये. सूत्र उजेडाप्रमाणे आणि हवेप्रमाणे बदलायचं, हे त्या पिढीला कुणी वेगळं शिकवावं लागत नव्हतं. आपण पुडीवरचा तक्ता वाचायला लागलो आणि ते विसरलो.

टाकी न हलवता तासभर तशीच ठेवण्याची पद्धत सध्या लोकप्रिय आहे. आपल्या उन्हाळ्यात ती मी करू देणार नाही. तासाभरात तापमान चढतं आणि उजळ भागांखाली ओघळ उतरतात.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. बोरिंगचं जड पाणी डेव्हलपरला घेऊ नका. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, आणि शेवटचं धुणंही त्याच्यातच करा, म्हणजे वाळताना पांढरे ठिपके राहणार नाहीत.

आता घरी गेल्यावर काय करायचं? एक पूर्ण रोल एकाच छत्रीवर, एकाच उजेडात, एकाच एक्स्पोजरने काढा. काळ्या पिशवीत त्याचे तीन तुकडे करा आणि प्रत्येकाला वेगळी वेळ देऊन धुवा. ज्या तुकड्यात उन्हातल्या दगडाचा पोत आणि छज्ज्याखालची नक्षी दोन्ही साध्या कागदावर उतरतात, ती तुमची वेळ. ती डेव्हलपरच्या बाटलीवर लिहून ठेवा, महिन्यासकट. आणि रोल कॅमेऱ्यात किंवा कपाटात पडू देऊ नका. पॅन एफवर उमटलेली प्रतिमा धुण्याआधीच फिकट होत जाते. कंपनी तीन महिन्यांच्या आत धुवा म्हणते. आपल्या उन्हाळ्यात मी म्हणेन, त्याच आठवड्यात.