जखमेला पहिला मान पाण्याचा

हिंगोली जिल्ह्यांतील वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. जेथें हें पीक घरोघरचें आहे, तेथें हळद खणतांना कुदळ बोटाला लागावी आणि जखमेवर हळदीचीच चिमूट दाबली जावी, हें स्वाभाविक आहे. शहरांतहि विळीनें बोट कापलें कीं हात मसाल्याच्या डब्याकडे वळतो.

ही समजूत फार जुनी आहे. १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखमेवर हळद वापरण्याचें पेटंट मिळालें, तेव्हां भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुन्या ग्रंथांचे आधार पुढें केले आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. परंतु हें ज्ञान नवें नाहीं, एवढाच त्या निकालाचा अर्थ. डब्यांतील पूड जंतुरहित असते, असें त्यानें सिद्ध झालें नाहीं. उकडून, अंगणांत वाळवून दळलेली आणि रोज दहा हात लागलेली ती पूड स्वयंपाकास उत्तम खरी. पण उघड्या जखमेंत ती केरासारखीच होय. शिवाय बाजारांतील कांहीं हळदींत शिसेयुक्त पिवळा रंग मिसळलेला आढळतो.

मग करावें काय? रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडक्यानें जखम दाबून धरावी. रक्त थांबल्यावर आपले हात साबणानें धुवावेत आणि माती व कुसळें निघून जाईपर्यंत जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखालीं धरावी. इतकें नीट झालें, तर औषधाचें काम थोडेंच उरतें.

तें औषधहि बेतानेंच वापरावें. जोसेफ लिस्टर यांनीं १८६७ सालीं कार्बोलिक अ‍ॅसिडाची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर लवकरच कळून आलें कीं, जंतूंस मारणारा द्राव शरीराच्या कोवळ्या पेशींसहि सोडीत नाहीं. म्हणून बाटलींतील दाट जंतुनाशक तसेंच ओतूं नये. बाटलीवर छापलेल्या प्रमाणांत पाण्यांत मिसळावें. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेंत वारंवार घातल्यास ती भरून येण्यास विलंब लागतो. औषध झोंबलें म्हणजे गुण आला, असें नव्हे. आयोडिनचें मलम पातळ लावावें. मात्र तान्हें मूल, गर्भवती स्त्री किंवा थायरॉइडचा रोगी असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. दोन औषधें एकत्र करूं नयेत. नंतर स्वच्छ पट्टी बांधून ती रोज बदलावी, आणि बाटली मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवावी.

कांहीं गोष्टी मात्र या औषधांच्या आवांक्याबाहेरच्या आहेत. धनुर्वाताचे बीजकण मातींत व शेणांत असतात, आणि घरगुती जंतुनाशकानें त्यांचा नाश होईल असा भरंवसा धरतां येत नाहीं. त्यापासून रक्षण लसच करते. शेतांतील खोल जखमेनंतर किंवा खिळा रुतल्यावर आपली लस केव्हां झाली हें डॉक्टरांस सांगावें. कुत्रें चावल्यास जखम साबण-पाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन त्याच दिवशीं दवाखाना गाठावा. तेथें हळद, चुना किंवा तिखट भरण्यांत गेलेला वेळ प्राणावर बेततो. सूज वाढणें, पू होणें, ताप येणें, अथवा मधुमेही माणसाच्या पायाला लहानशी इजा होणें, हींहि डॉक्टरांकडे जाण्याचींच कारणें होत.

प्रत्येक घरीं साबण, स्वच्छ पट्टी आणि मुदत न संपलेलें एक औषध ठेवावें, आणि घरांतील सर्वांच्या धनुर्वाताच्या लशीची तारीख लिहून ठेवावी.